एक नंबरचा माइक

४ नोव्हें.
डॉ. साफ बोलले. गाठ स्वरयंत्रातच आहे, पूर्ण काढावं लागेल. ऑपरेशननंतर ताईले आवाज नाही. बाहेर येऊन ताई मले म्हणते, "पिंकीच्या हळदीले कोण गाईन गा मग?" पोरीचं लग्न अजून ठरलंही नाही! म्हटलं, तूच गाशील. माझा स्टुडिओ काय लोणचं घालाले आहे?

७ नोव्हें.
ताई एकटी गायला तयार नाही. "हळदीचं गाणं एकटीनं म्हणतेत का? मी ओळ टाकीन, ती झेलाले बाया पाहिजेत." म्हणजे सगळ्या एकदम, पण प्रत्येकीले वेगळा माइक, तरच ताईचा आवाज वेगळा ठेवता येईल. आठ माइक कॉम्प्युटरले जोडणारा इंटरफेस घेतला तो यासाठीच कामी येणार. बाया खापरखेड्याहून येतील. जरीपटक्याच्या बाजारातून वायरी आणल्या.

१० नोव्हें.
काय गायली राजेहो! घसा बसलेला, तरी... एक नं. माइक ताईचा. मले काचेमागं बसूच देईना. "यंत्राकडं पाहू नको, माझ्याकडं पाय." बसलो समोर. हेडफोनमध्ये तिचा श्वासन् श्वास. रडलो, लपवलं नाही. बाजूले पुष्पाकाकू, नेहमीसारखी भसाडी. इथूनच ताईले दवाखान्यात भरती केलं.

११ नोव्हें.
एक नं. रिकामा आहे.
बाकी सगळ्या माइकचा आवाज रेकॉर्ड झाला, ताईचा नाही. हेडफोनले आवाज इंटरफेसमधून थेट येते, कॉम्प्युटरच्या आधीच. म्हणून ऐकू येत होतं. कॉम्प्युटरमध्ये एक नं.चं रेकॉर्डिंग मागच्या कामापासून बंदच होतं. एकदा स्क्रीनकडं पाहिलं असतं तर...
धावलो दवाखान्यात, मोबाइलवर तरी घेऊ म्हणून. पहाटेच तिचा श्वास अडकला, गळ्यात नळी टाकली. आता आवाज निघत नाही. संपलं सगळं. काहून असं केलं बाबा देवा?

१५ नोव्हें.
ऑपरेशन झालं. ताई ठीक.
रेकॉर्डिंगमध्ये ताई आहे, पण बाकीच्यांच्या माइकात, लांबून आलेली. वाढवलं की ढोलकी अंगावर येते अन् पुष्पाकाकू तिले गिळून टाकते. पुण्याच्या मित्रानं सॉफ्टवेअरनं वेगळा काढून पाठवला आवाज. शब्द तिचे, ती ताई नाही. डिलीट केलं. पिंकी रोज विचारते, "मामा, आईचं गाणं कधी ऐकवतो?"

२३ नोव्हें.
आज ताईनंच खूण केली, ऐकव. टाळता आलं नाही. हेडफोन लावून दिला. डोळे मिटून ऐकत होती, बोटानं ताल धरला. पुष्पाकाकूची ओळ आली तशी हसली, आवाज नाही. गाणं संपलं. डोळे उघडले अन् स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी कुठं आहो?
"मिक्सिंग बाकी आहे, ताई," म्हटलं.
तिनं मान डोलावली, अन् पहिल्यापासून लावायची खूण केली.