साध्या कपाशीचं पाकीट

प्रिय आई,

केतकी उद्यापासून कामावर जाणार. धानाच्या प्रयोगशाळेत. तुमची नात, आई! सकाळपासून तिनं तीन ड्रेसना इस्त्री केली आणि तिन्ही परत कपाटात ठेवले. मी तिला सहा महिने अडवलं होतं. आता अडवत नाही. हे कसं झालं, ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि सुनेचं हे तुम्हाला पहिलंच पत्र. एका घरात राहणाऱ्यांना पत्र कशाला लागतं, असंच वाटायचं ना आपल्याला?

रायपुरातल्या तात्यापाऱ्यातली ती सभा तुम्ही विसरला नसाल. मी तर नाहीच विसरले. जनुकं बदललेल्या वांग्याला आमच्या गटाचा विरोध होता, आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी म्हणून मलाच बोलायला उभं केलं होतं. मी तासभर बोलले. बियाणं कोणाच्या मालकीचं होईल, परागकण उडून शेजारच्या शेतात गेले तर काय, छत्तीसगडच्या धानाच्या जुन्या जाती टिकतील का. टाळ्याही मिळाल्या. तुम्ही दुसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसला होता. कोणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर तुमचाच हात वर!

"मी बोलू का?"

लोक कौतुकानं हसले. आणि तुम्ही उभं राहून म्हणालात, "ह्या बीटीच्या पऱ्हाटीनं माह्या घरधन्याचा जीव वाचवला."

जनुकं बदललेल्या कपाशीचं कौतुक! माझे कान तापले. माझीच सासू, माझ्याच सभेत! तुम्ही पुढं काही बोलणार, तेवढ्यात मी माइकवरून म्हटलं, "आई, ते वेगळं आहे. आपण घरी बोलू. बसा तुम्ही."

"हव," म्हणालात. आणि बसलात.

ऑटोत केतकी माझ्यावर चिडली. "मम्मी, आजी की बात पूरी तो होने देती!" मी तिला गप्प केलं. आणि तुम्ही काय म्हणालात? "आलू-वांगं करू का रात्री?" मला वाटलं, विषय संपला. घरी बोलू म्हटलं होतं, पण कधी बोललो? त्यानंतर तीन वर्षं तुम्ही आमच्याकडे समता कॉलनीत होता. गच्चीवर वांगी लावायच्या, उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ ओल्या फडक्यानं एकेका पानावरून पुसायच्या. मी शेजारी कपडे वाळत घालायची. तेव्हा तरी विचारायचं होतं ना मी, की आई, तुम्हाला पुढं काय म्हणायचं होतं? आणि तुम्ही तरी! खोबऱ्याचा भाव दहादा सांगायच्या, हेच सांगायला काहून जड गेलं तुम्हाला?

बाबांचं मला अर्धवट माहीत होतं. पाठीवर पंप घेऊन कपाशीवर विषारी औषधाचा फवारा मारता मारता ते बांधावर कोसळले, यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस होते, तुम्हालाही ओळखत नव्हते. त्यानंतर त्यांचे हात जन्मभर थरथरले. तुम्ही त्यांना कप अर्धाच भरून द्यायच्या, मग दुसऱ्यांदा अर्धा. लग्न होऊन आले तेव्हा मला ती घरातली रीत वाटली होती! हे सगळं माहीत असून मी म्हटलं, "ते वेगळं आहे." काय वेगळं होतं, आई?

मग यंदा केतकीची निवड झाली. दुष्काळात तग धरणारं धान तयार करायचं काम. ती समजावत होती, "मम्मी, इसमें बाहर का कोई जीन नहीं डालते. धान का अपना ही जीन थोड़ा बदलते हैं." मला ते कळत होतं. वर्गात मीच शिकवते. तरी म्हटलं, तिथं जायचं नाही. ती म्हणाली, "आप भाषण में फँस गई हो." चार दिवस आमच्या घरात पोळ्या लाटल्याचाच काय तो आवाज होता. तुमचा मुलगा दोघींच्या मध्ये बसून पेपर वाचायचा, आणि एकच पान वाचायचा.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी गावी गेलो; तुमचं सासर-माहेर एकाच गावात, उतरलो माहेरी. तुमचे धाकटे भाऊ, आमचे अण्णामामा, केतकीला कपाशी दाखवायला शेतात घेऊन गेले. मीही मागे गेले. त्यांनी एक हिरवं बोंड तोडून नखानं उकललं. आत गुलाबी अळी. इतकी निवांत, जणू तिचंच घर!

केतकी म्हणाली, "पर मामाजी, ये तो बीटी है ना?"

"हव, बीटीच होय. पहिले चार-पाच साल अळी औषधालेही सापडत नव्हती. पंप खुंटीवर टांगला होता. तुह्या आजोबाले त्यानंच वाचवलं. आणखी दोन साल फवारा मारला असता तं गेलाच होता तो." मामांनी बोंड मातीत टाकलं आणि चपलेनं चिरडलं. "आता पुन्हा पंप घेतो खांद्यावर."

मग ते माझ्याकडे वळले. "आमच्या बाईनं, तुह्या सासूनं, सांगतली असन ना तुले पाकिटाची गोष्ट?"

कोणती पाकिटाची गोष्ट?

आई, ती मला मामांकडून ऐकावी लागली. बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या कपाशीचं एक लहान पाकीट यायचं. शेताच्या कडेनं ते लावायचं. तिथं अळीनं खुशाल खावं, वाढावं. साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांची पाखरं बीटीच्या झाडातल्या विषाला सरावलेल्या पाखरांत मिसळत राहिली, की अळीची सगळी जात लवकर निर्ढावत नाही. मी हे वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवते! गावात सगळ्यांनी ते पाकीट फेकून दिलं. अळीसाठी कोण जमीन सोडतं? मामांनी फेकलं, बाबांनीही फेकलं.

"बाईनं उकिरड्यावरून उचलून आणलं अन् बांधाच्या धुऱ्यानं दोन तासं लावली, दोन ओळी कपाशीच्या," मामा म्हणाले. "कृषीवाल्याच्या बैठकीत मागं बसून तिनंच तेवढं ध्यान देऊन ऐकलं होतं. म्हणे, अळीलेही जागा द्या, नाही तं ते शिकते. सारं गाव हसलं. मी बी हसलो. मंग बाजूचा शेतवाला भांडाले आला, तुमच्या तासातून माह्या शेतात अळी येते म्हणून. तुह्या सासऱ्यानं सारं उपटून टाकलं. बाई दोन दिवस जेवली नाही."

मी विचारलं, "मामा, आई हे कधी बोलल्या का नाहीत?"

"बोलणार होती ना! तुह्या सभेच्या दिवशी सकाळी मले फोन केला होता तिनं. म्हणे, आज रायपूरले सभेत पाकिटाची गोष्ट सांगतो. कसं सांगू, पहिले चांगलं सांगू का पहिले वाईट? मी म्हटलं, पहिले चांगलं सांग, लोक ऐकतीन."

मी तिथंच धुऱ्यावर बसले, आई. केतकीनं पाण्याची बाटली पुढं केली.

तुम्ही बीटीची बाजू घ्यायला उभ्या राहिलाच नव्हता! चांगलं सांगून झालं होतं, वाईट सांगायचं होतं. आणि ते वाईट माझ्या तासाभराच्या भाषणात कुठंच नव्हतं. मी कंपन्यांबद्दल बोलले, परागकणांबद्दल बोलले. ती भीती खोटी नाही, आजही नाही. पण चांगली वस्तू हातात आली आणि आपणच ती वाया घालवली, एकेकानं आपापल्या कपाशीच्या दोन ओळींचा लोभ धरून, हे सांगायला त्या हॉलमध्ये एकच माणूस होतं. त्याला मी बसवलं.

परतीच्या गाडीत दुर्ग गेल्यावर मी केतकीला म्हटलं, "जा तू त्या प्रयोगशाळेत." ती खिडकीतून वळून म्हणाली, "डर गया आपका?"

"नाही गेला," मी म्हटलं. "पण आता कशाला घाबरायचं ते नीट कळलं." त्यावर ती मराठीत बोलली, कितीतरी दिवसांनी! "मग मला पण सांग ना." रायपूर येईपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो.

आई, माफी मागायला उशीर झाला, ठाऊक आहे. वचन मात्र देते. केतकीला मी अडवणार नाही, आणि कौतुकानं गप्पही बसणार नाही. तिच्या हातचं धान शेतात जायच्या आधी मी तिला विचारीन: ह्याच्यासोबत शेतकऱ्यानं काय पाळायचं? ते न पाळण्यातच त्याचा फायदा असेल, तर तो का पाळेल? आणि जो एकटाच पाळेल, त्याच्या बाजूनं कोण उभं राहील? उत्तर आलं नाही, तर पुढच्या रविवारी तिला जेवायला वाढून पुन्हा विचारीन. त्याच्याही पुढच्या रविवारी विचारीन. कंटाळली तरी विचारीन.

तुमची सून,
वैशाली