आबांच्या कमरेचं माप

३ जानेवारी

आबांनी विजार पुन्हा कमरेत उसवून सैल केली! ही खूश — "बघा, माझ्या हातचं अंगी लागलं!" आबा, माझे वडील, जन्मभर शिंपी; दोष कापडाला — "धुऊन आटलंय." पण जेवतात चिमणीएवढं. मग पोट कशानं वाढतं? मी वार्ताहर, गावभर प्रश्न विचारत फिरतो. घरात हा एक आजवर सुचला नव्हता.

५ जानेवारी

समोरच्या बाई आल्या — निवृत्त परिचारिका, एकट्याच राहतात. आबांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत उमटावा तसा! "हे बाळसं नाही, पाणी आहे. उद्या दवाखाना."
"चांगला ठणठणीत आहे मी!"
"गप्प बसा."
आबा चक्क गप्प बसले!

६ जानेवारी

हृदयाची उजवी बाजू थकली आहे. अंगभर फिरून आलेलं रक्त तिला फुप्फुसांकडे पुरतं ढकलवत नाही; ते मागे तुंबतं. म्हणून मानेची शीर टरारलेली, यकृत सुजलेलं, भूक मेलेली. पाणी पाझरून पायांत नि पोटात. पायांतला शोथ, पोटातला जलोदर — दोन्ही शब्द मला विद्यार्थिदशेपासून पाठ. पाय मात्र ओळखता आले नाहीत. धन्य ते पांडित्य!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण बरं होणार नाही, पण ताब्यात राहील." घाबरलो. आबांचा एकच प्रश्न — "जिना कधी उतरू?"

९ जानेवारी

पाणी उतरवायची गोळी सुरू. आबांच्या मोरीकडे येरझाऱ्या! "तुझ्या संपादकालासुद्धा एवढी घाई नसेल रे." मीठ मोजून. रोज सकाळी वजनकाटा. वजन घटलं की डॉक्टरीणबाई खूश, आणि हिचा चेहरा उतरलेला — "माझी सगळी मेहनत गेली!"

१४ जानेवारी

आबांना घोटे आहेत! आज दिसले.

२० जानेवारी

आबा जिना उतरले. प्रत्येक वळणावर थांबत. बाई एक पायरी पुढे. खिडकीतून पाहिलं — दोघं बाकावर, कशावर तरी पोट धरून हसत होती.

२१ जानेवारी

आबा बाईंशी लग्न करताहेत! "विचारत नाहीये, सांगतोय." ही आधी थक्क, मग खो खो — "या वयात मला सासू!" मी म्हटलं, आबा, इतके दिवस बोलला का नाहीत?

"कोट बेतायचा होता. पाणी उतरेपर्यंत माप कसं घेणार?"