खाट पाचचं पोट

रवि., १० ऑगस्ट
आयसीयूची खाट पाच, नामपूरचे निवृत्त हेडमास्तर. काल बायपास झाली, आज सकाळी श्वासाची नळी काढली. दुपारी तासभर ठोके बेताल, औषधाने ताळ्यावर आले. बायपास करणारे सर खूश. मीही.

सोम., ११
गंगापूर रोडवर अडकले, राऊंडला उशीर. मास्तर म्हणाले पोट दुखतंय. दाबून पाहिलं, मऊ. गॅस, दुसरं काय! एनिमा सांगितला. भेटीच्या पाच मिनिटांत त्यांची बायको मागेच लागली, "मॅडम, हाऊ माणूस कधी कन्हत नही. इच्चू चावना तरी शाळामा गया. यासना पोटमा काहीतरी शे."
म्हटलं, काकू, ऑपरेशननंतर पोट धरतंच.
फाइलवर 'गॅस' लिहिलं. अक्षर माझंच.

मंगळ., १२
रक्तातलं लॅक्टेट दुप्पट, म्हणजे शरीरात कुठेतरी रक्त पोचत नाही. लघवी कमी. पोट अजूनही मऊ, माणूस मात्र तळमळतोय. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हाताला काही लागत नाही आणि दुखणं मरणाचं, म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, हे मीच रेसिडेंट पोरांना शिकवते! सरांना फोन. "अगं, स्कॅनचा डाय किडनीला झेपेल का?" म्हटलं, सर, आतडंच गेलं तर किडनी काय चाटायची आहे?
स्कॅन केलाच. आतड्याच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी, बहुतेक रविवारच्या बेताल ठोक्यांत हृदयातूनच सुटलेली. दुपारी पोट उघडलं, गुठळी काढली. चारेक फूट आतडं काळं, कापलं. उरलेलं बरंचसं जांभळं. ते जगेल की... सर्जनही बोलेना. पोट शिवलेलं नाही. गुरुवारी पुन्हा उघडून बघायचं.

बुध., १३
व्हेंटिलेटरवर. लॅक्टेट जरा खाली. प्रेशर टिकवणारं औषध हळूहळू कमी करतेय, त्यानेही आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळतात. बाहेर काकू नातेवाइकांना सांगत होत्या, "या मॅडमनी वळखं, म्हनीसन ह्या वाचनात." वाचवल्याचं श्रेय मला! पाया पडल्या. पाय मागे घेतले, तोंड मात्र उघडलं नाही. लाज वाटली. अजून वाटतेय.

गुरु., १४
दहाला ऑपरेशन. सकाळी सातला काकू त्यांना पाहून बाहेर आल्या. बसवलं, सांगून टाकलं. सोमवारी तुमचं बरोबर होतं, मी ऐकलं नाही. एक दिवस माझ्यामुळे गेला.
 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"आते तरी आयका. त्यासना हात थंडा पडी ग्यात."
धावत आत गेले. खरंच थंड. लॅक्टेट पुन्हा वर. दहाची वाट न बघता आठलाच आत घेतलं.
साडेनऊ. काकू शेजारीच बसल्यात, माझ्याशी बोलत नाहीत. थिएटरचं दार अजून बंद आहे.