संघप्रियाच्या मोबाईलला आवाज नाही

पिंगळी, मंगळवार

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे सूर्यभानचा, मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची शुगर कशी आहे? (मी विचारलं हे तिला सांगू नका. ती लाडू सोडत नाही आणि विचारणाऱ्यालाच झापते.) फोन सोडून पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर अक्का मधेच तुमच्या हातातून मोबाईल ओढून घेते आणि आपलं बोलणं तिथंच मरतं.

तर आपली संघप्रिया. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तरी परभणीत टायपिंगची नोकरी करते, रोज रेल्वेनं जाते-येते. पोरीचं कधी काही अडलं नाही. पण यंदा तिची शाळेपासूनची मैत्रीण नीलम (तीही बहिरीच) लग्न होऊन लातूरला गेली आणि हिचं जेवण गेलं, झोप गेली. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तिला विचारायचे, उत्तरं मी द्यायचो. त्यांनी टॉनिक दिलं. ते चांगलं निघालं. एक चमचा चाखून बघितला तर मला सपाटून भूक लागली. पोरगी होती तशीच.

शेवटी तिनंच मोबाईलवर एक संस्था शोधून काढली. बहिऱ्या माणसांच्या मनाच्या दुखण्यावर ते खुणांच्या भाषेतच इलाज करतात, व्हिडिओ कॉलवर. आधी मोबाईलवर प्रश्न येतात, झोप लागते का, रडू येतं का. एक माणूस हातांनी विचारतो आणि आपण बोट लावून उत्तर द्यायचं. बापाच्या नात्यानं मी म्हटलं, आधी आपण तपासावं. माणूस जोरात हात हलवायला, पण आवाजच नाही! आवाज वाढवला, मोबाईल मांडीवर आपटला, शेवटी परभणीला नेऊन स्पीकर बदलून आणला. तरी आवाज नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी चांगलंच वाजलं, अर्धा बाजार जमा झाला. तेवढ्यात संघप्रिया ऑफिसातून तिथं पोचली. तिनं मोबाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ही खूण मला येते.

मग पहिल्या कॉलचा दिवस. आमच्याकडे नेटवर्क फक्त गच्चीवर. आता आपल्याला गुपित सांगायचं तर आपण कुजबुजतो. हातानं बोलणारानं काय करावं? सगळ्या गल्लीला दिसतं. म्हणून पोरीच्या आईनं, पंचफुलानं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादरी लावून आडोसा केला. (तेवढ्यात समोरच्या बबिताबाईनं ओरडून विचारलं, नाटक बसवायलात का, आमच्या पोराला घ्या.) समुपदेशक बाई पडद्यावर आल्या. त्या स्वतः बहिऱ्या, हे मला सांगितलेलं होतं. तरी मी मोबाईलला तोंड लावून मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून नमस्कार केला आणि पोरीची हकीकत सुरू केली. बाई हसल्या. पडद्यावर मराठीत अक्षरं उमटली: तिला एकटीला बोलू द्या.

मी चादरीमागं गेलो. पण दाजी, वाऱ्याला कोण अडवणार? चादर उडाली की दिसायचं. आपल्या पोरीचे हात एवढे बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं. घरात आमच्या खुणा किती? जेव, नळ बंद कर, गाडी आली. आणि इथं तिचे हात थांबेनात. मधेमधे ती वरच्या ओठावर बोट फिरवून मिशीला पीळ द्यायची आणि तोंड वाकडं करायची. घरात मिशी एकट्या मलाच आहे.

काही कॉल झाल्यावर तिनंच मला बोलावलं. या वेळी पडद्यावर बाईंसोबत एक दुभाषी मुलगी होती. हातांचं बोलणं ती तोंडानं सांगायची.

ती म्हणाली, "संघप्रिया म्हणते, घरात माणसं हायत, पण माझ्याशी बोलायला कुणीच न्हाई."

मी तडकलो. "असं कसं? मी रोज बोलतो तिच्याशी!"

"काल काय बोललात?" बाईंनी तिच्या तोंडून विचारलं.

"जेवलीस का, म्हणलं."

"परवा?"

परवाही तेच म्हटलं होतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. खोकल्याचं निमित्त करून जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघून बघून एक वाक्य घोकलं आणि तिच्यापुढं उभा राहिलो. मला म्हणायचं होतं, चुकलं माझं, मला शिकव. पंचफुला म्हणते, तुम्ही पोरीला म्हैस म्हणालात. संघप्रिया आधी बघतच राहिली, मग हसली. आवाज करून, पोट धरून हसली. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची शाळा भरते. पंचफुला हुशार निघाली. मी काठावर पास आहे. पोरगी पुरती सावरली असं म्हणत नाही, कॉल चालूच आहेत. पण झोपते, आणि माझ्या चुका काढायला वेळेवर घरी येते.

अक्काला नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

आपला,
सूर्यभान

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. तुमच्या सृष्टीच्या लग्नाला संघप्रिया यायचं नाही म्हणते. लग्नात आपण सगळे गप्पा मारतो आणि ती मंडपाची झालर बघत बसते. तर नीलमला आणि तिच्या नवऱ्याला तुमच्या नावानं रीतसर पत्रिका पाठवा आणि त्यांची तिथं सेलूत तुमच्याकडे राहायची सोय करा. अक्काला तुम्हीच पटवा. माझी हिंमत नाही.

ता. क. २ – पत्र संघप्रियानं वाचलं. खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत.

मामा, जय भीम. नीलमला बोलवा, मी नक्की येते. पंगतीत बाबांना आमच्यापासून लांब बसवा. त्यांना आता पन्नास खुणा येतात आणि ते थांबतच नाहीत. आम्हाला जेवायला हात मोकळे पाहिजेत.