टेबलाखालची चप्पल

४ मार्च

प्रिय भाऊजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे आई बसलेल्या असतात, म्हणून लिहिते आहे. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

मी सोमवारपासून कामावर जाऊ लागले. केसपेपर लिहिताना हात चालतो, डोकं चालवावं लागत नाही. छोटी कॉलेजला जाते, येते, बोलत नाही. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा, हे तुम्हीच तिला कधीतरी शिकवलं होतं. वडिलांना खुर्चीजवळ तसं पाहूनही तिने तेच केलं. येणारी माणसं तिच्या शहाणपणाचं कौतुक करतात आणि ती उठून आत जाते.

कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे. अर्ज टाइप करून घ्यायला अजून लोक येतात. काल एका गृहस्थांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी दारातूनच विचारलं, साहेबांचा सलाम झाला का. तुम्हाला आठवत असेल, बसण्याआधी हे कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीला बोटांची मागची बाजू टेकवायचे आणि चिमटा बसला की म्हणायचे, यंत्र जागं आहे, चला कामाला. आल्यागेल्यालाही तो चिमटा घ्यायला लावायचे. आपण सगळे हसायचो. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. हे गेले ते छोटीनेच त्यांना सांगितलं.

आईंची टाच दुखते आहे, तरी घरात अनवाणी फिरतात. चप्पल घाला म्हटलं तर फरशी गार आहे, बरं वाटतं म्हणतात.

जेवणाची हेळसांड करू नका. आम्हा तिघींवर जीव असू द्या.

तुमची
वहिनी


१२ मार्च

ती. वहिनींस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा उत्तर लिहून फाडलं.

कारखान्यात मशिनला नुसती झिणझिण आली तरी मी ते बंद करून पाटी लावतो. मुकादम बोंबलला तरी ऐकत नाही. आणि भावाच्या घरी? कॉम्प्युटर बसवला त्या दिवशी मलाही चिमटा बसला होता. दादा म्हणाला, नवा पाहुणा आहे, गुदगुल्या करतोय. मी बाजारातून जाड रबराची चप्पल आणून टेबलाखाली ठेवली आणि परतीची गाडी पकडली. दादाने तिला संगणकाची चप्पल असं नाव दिलं आणि विषय संपला.

एखादा वायरमन बोलवा. मेन बंद करून बोर्ड उघडायला सांगा. तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार आहे का ते पाहायला सांगा. ती तार घरातून निघून जमिनीत गेलेली असायला हवी. पेटीच्या आत एखाद्या तारेचं आवरण फाटलं की सगळा करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. नसलं तर पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. चिमटा बसत होता तेव्हाच यंत्र आपल्याला हे सांगत होतं.

आणखी एक. दादा चष्मा विसरेल, पण सलाम झाल्यावर चप्पल घातल्याशिवाय त्या खुर्चीत बसणार नाही. डॉक्टर म्हणाले, पाय ओले होते आणि अनवाणी होते. मग त्या दिवशी चप्पल कुठे होती?

आईला आणि छोटीला माझी आठवण सांगा.

तुमचा
धाकटा


२१ मार्च

प्रिय भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

वायरमन येऊन गेला. बोर्ड उघडला तर त्या भोकामागे काहीच नाही. तो म्हणाला, या ओळीतल्या बऱ्याच घरांत असंच असेल, घरं बांधली तेव्हा कोणी विचारलं नाही. शेजारच्या मास्तरांनी हे ऐकलं आणि लगेच स्वतःचा बोर्ड उघडून घेतला. त्यांच्याकडेही तेच. त्यांची मुलं दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेली असतात. मास्तर तिथेच पायरीवर बसले.

गेल्या वर्षी पंखा बसवताना वायरमनने यांना सांगितलं होतं म्हणे, की अर्थिंगसाठी मागच्या अंगणात खोल खड्डा घेऊन तांब्याची पट्टी पुरायला हवी. जागा एकच होती, आईंची फुलझाडं आहेत ती. हे म्हणाले, म्हातारीने लेकरांसारखी वाढवली आहेत, पाहू पुढे. चप्पल आहेच.

तेव्हा तुम्ही सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. त्यांना सांगणाऱ्याने सांगितलं होतं.

चप्पल टेबलाखालीच होती. घाईत घालायची राहिली असेल.

प्रकृतीला जपा. येणं-जाणं राहू द्या, आता या घरी तुमचाच आधार.

तुमची
वहिनी


२९ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही, अक्षर बदलतं. मी त्या दिवशी आलो तेव्हा चप्पल मागच्या दाराशी होती, ओली. माझ्या पायाला लागली म्हणून मीच ती भिंतीशी सारली. तेव्हा काही सुचलं नाही. आता दुसरं काही सुचत नाही.

छोटी घालून गेली होती का? म्हणून ती बोलत नाही का? पंधरा तारखेला रजा घेऊन येतो आहे. तिला समोर बसवून विचारणार आहे. तुम्ही मध्ये पडू नका. मला राग काढायचा नाही, पण माझा भाऊ कसा गेला ते मला कळायला हवं.

तुमचा
धाकटा


५ एप्रिल

प्रिय भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

छोटीला एक शब्दही विचारू नका. तिची चूक नाही. ती आधीच अर्धी झाली आहे, तुमच्या प्रश्नाने पुरती मोडेल.

चप्पल आईंच्या पायात होती. सकाळी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. कपडे वाळत घालायचे होते आणि मागच्या फरशीवर शेवाळ आहे, म्हणून त्यांनी टेबलाखालची घातली. मी दवाखान्यात निघाले होते, पिशवी घेऊन दारात उभी होते. हे अंघोळ करून आले, टेबलाखाली पाहिलं, मग मागे डोकावले. आईंनी चप्पल काढायला पाय उचलला. हे म्हणाले, राहू दे गं, घसरशील, मला एकच वायर खोचायची आहे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि निघाले. प्रिंटरची वायर खोचायला त्यांनी हात मागे घातला असेल आणि पेटीची पत्र्याची कड मुठीत धरली असेल. ती मूठ सुटली नाही.

एकदा झाडांसाठी आणि एकदा चपलेसाठी, दोन्ही वेळा त्यांनी आईचंच पाहिलं. आईंच्या हे ध्यानात नाही असं मला वाटतं. त्या कधी बोललेल्या नाहीत. त्यांना कळलं तर या वयात त्या ते घेऊन कशा जगतील? म्हणून खोटं लिहिलं. आता तुम्हीही गप्प राहा. एवढंच मागते, दुसरं काही मागणार नाही.

वायरमनला सोळा तारखेला बोलावलं आहे. झाडं काढावी लागतील हे आईंना कसं सांगावं, याच विचारात आहे.

तुमची
वहिनी


२४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

मी पत्र लिहिते म्हणून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. तुझी वहिनी कामावर गेली आहे. अक्षर लावून वाच.

तू येऊन गेलास, खड्डा खणायला लागलास, बरं वाटलं. मी झाडं स्वतः उपटली तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलात. मला सांगायचं कसं याची तुम्हाला काळजी होती. अरे, झाडं मी पुन्हा लावीन.

तू मला काही विचारलं नाहीस. पण जेवताना तुझी नजर माझ्या पायांवर होती. आईला लेकाची नजर कळते. त्या दिवशी माझ्या पायात काय होतं आणि तो मला काय म्हणाला, ते मला रोज ऐकू येतं. तुझ्या वहिनीला वाटतं की मी विसरले. स्वतःचा नवरा गेला आणि ती पोर मला जपते आहे. तिला तसंच वाटू दे. माझ्यासाठी ती एवढं करते, मलाही तिच्यासाठी एवढं करू दे. हे पत्र वाचून फाडून टाक.

वायरमन सांगून गेला आहे की तिथली माती ओली राहिली पाहिजे, उन्हाळ्यात रोज पाणी घालायचं. ते काम मी घेतलं आहे. पूर्वी झाडांना घालायचे तितकंच पाणी घालते.

काल छोटीने तू आणलेली नवी पेटी सुरू केली. आधी चप्पल घातली नाही. बापासारखी बोटांची मागची बाजू टेकवली आणि थांबली. चिमटा बसला नाही. तिने पुन्हा टेकवली, पुन्हा टेकवली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली, तो गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले. फरशी फार गार होती.

इथली चिंता करू नकोस. तुझ्या खोलीतला बोर्ड उघडून बघ आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझी
आई