पंपावरची लाल खूण

आबा, आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळं तुम्हाला उलटं बोलता येणार नाही. आणि तुम्ही होता तेव्हा मला बोलता यायचं नाही, म्हणजे फिट्टंफाट. तुमची पिकअप गेले चार दिवस शिवाजी पेठेत आपल्या दारात तोंड उघडून उभी आहे. रेडिएटर काढून पायरीवर ठेवलाय, फॅन पाण्याच्या टाकीवर, आणि गल्लीतनं जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला थांबून मला विचारतो, "काय पावणं, कधी आलासा? मुक्काम किती दिस?" ज्या गल्लीत मी रांगलो त्या गल्लीत मी पाहुणा! राग येतो. पण गोकर्णात हॉटेलात भांडी, त्याआधी हंपीत मोटारसायकली भाड्यानं द्यायच्या, त्याआधी कुठं ते मलाच नीट आठवत नाही, असं फिरून आलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं रागवायचं?

आईनं आल्या आल्या सांगितलं, "सोमवारी भंगारवाला येणार हाय. त्याच्या आत सुरू केलीस तर गाडी तुझी. न्हाईतर जाऊ दे, माझ्या तुळशीला जरा ऊन तरी मिळंल." मला ती गाडी पाहिजे होती, आबा. घेऊन काय करणार ते ठरलं नव्हतं, माझं कधी काय ठरतं? पण दुसऱ्याच्या खोल्यांत, दुसऱ्याच्या चादरीवर झोपून कंटाळलो होतो. चाकावरचं का असंना, आपलं म्हणावं असं काहीतरी पाहिजे होतं. बॅटरी नवी टाकली, टाकी धुऊन ताजं डिझेल भरलं, पण आतला टायमिंगचा पट्टा उभ्या उभ्या चिरलेला. तो तुटला तर इंजिनच गेलं. मग पट्टा, त्याला ताण देणारी पुली आणि वॉटर पंप असं सगळंच नवं आणलं.

हे काम मी गोकर्णात एका दोस्ताच्या जीपवर बघितलेलं, उरलेलं मोबाइलवर. खाली क्रँक, वर कॅम, बाजूला डिझेलचा पंप. पट्टा तिघांना एका तालात फिरवतो. तिन्ही चाकांवर कंपनीची खूण असते, त्या जागेवर आणायच्या आणि मग पट्टा चढवायचा. मी तर आधी सगळं थिनरनं घासून लख्ख केलं. डिझेलच्या पंपाच्या चाकावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. म्हटलं, हे काय इथं? काहीतरी सांडलं असंल. पुसला. किती नीटनेटकं काम चाललंय म्हणून माझी मलाच शाबासकी दिली. मग खुणा जुळवल्या, पट्टा चढवला, पान्यानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानं मारले. कुठं काही अडलं नाही. तुम्ही असता तर तुम्हालासुद्धा नाव ठेवायला जागा नव्हती.

सेल्फ मारला. आबा, गाडीनं पांढरा धूर असा सोडला की समोरच्या काकूनं गॅलरीतले पापड आत नेले. नुसती खोकते, घेत नाही. तीनदा खुणा तपासल्या, तीनदा बरोबर. रविवारची दुपार, अंगावर डिझेल, आणि आई दारात उभी.

शेवटी मागच्या गल्लीतले लेथवाले मामा आले, तुमचे दोस्त. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आत डोकावले आणि म्हणाले, "लाल खूण कुठं हाय?"

"पुसली."

"पुसलास? आरं लेका, तुझ्या बानं डिझेलचा पंप दुसऱ्या इंजनाचा बसवलाय. भंगारातला. त्याच्यावरची कंपनीची खूण ह्या गाडीला चालत न्हाई. म्हणून तर त्यानं आपली खूण केलती."

आतनं आई म्हणाली, "माझी नेलपॉलिश. बहिणीच्या लग्नाला म्हणून आणलेली, ती ह्यांनी इंजनाला लावली."

मामा हसले. म्हणाले, "बघ, रंग हुता तिथंच. छिन्नीचं टिंब आसंल. तुझा बा नुसत्या रंगावर भरवसा ठेवणाऱ्यातला न्हवता." बोटानं चाचपलं. होतं. तांदळाएवढा खड्डा.

तिथं माझं डोकं फिरलं. अहो, ही काय पद्धत झाली? गाडीचं मर्म मामाला माहीत, नेलपॉलिश आईला माहीत, आणि मुलाला? मला तुम्ही काय दिलंत? बारावीत पहिल्यांदा नापास झालो तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "ह्याच्या हातात पाना दिला तर पाना हरवंल." कुरुंदवाडच्या भाड्यावरनं येताना बासुंदी आणायचात ती वाटी माझीच असायची, ते कबूल. पण बासुंदीवर गाडी सुरू होत नाही, आबा. मी मामांना तोंडावर म्हटलं, "तुम्हाला सांगितलं, मला का नाही सांगितलं त्यांनी?"

मामांनी पाना पुसला. "मला तरी कुठं सांगितलं? मी उजेडाला हातातली बॅटरी धरलती, म्हणून दिसलं. तू कुठं हुतास?"

ताण सैल केला, पंपाचं चाक टिंबापर्यंत आणलं. दोन दात फरक. पट्टा परत चढवला, हातानं दोन फेरे, मग सेल्फ. पहिल्या झटक्यात घेतली. जोतिबाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये काढायची तसाच आवाज, जुना, घोगरा. आई बाहेर आली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "सोमवारी येऊ नको म्हणून सांगते त्याला." मग चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? डॅशबोर्डच्या खणात तुमची जुनी कागदपत्रं आहेत, त्यांच्यात ठेवतो. सगळं भांडण लिहून झालं, एक सोडून. मामा विचारत होते मी कुठं होतो. तुम्ही ती खूण केलीत तो रविवार मला आठवतो. मैदानावर फायनल होती, मी दाराआड बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. तुम्ही बॉनेटखालनं हाक मारलीत, एकदा नाही, तीनदा. "जरा बॅटरी धर ये. खूण दाखवतो." मी मागच्या दारानं गेलो. रात्री तुम्ही विचारलंत, तेव्हा ऐकू आलं नाही म्हणालो, आणि पुढं इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलो, की आबांनी मला कधी जवळ बोलवलंच नाही.

ऐकू आलतं, आबा. तिन्ही वेळा.