आत्याच्या कडव्याला लागेल तेवढीच खरखर

९ फेब्रु., रवि. कळंब
गिटारला लावायचं तिसरं पेडल आलं. सुषमा दारातूनच म्हणाली, "आला का अजून एक डबा?" बायको आहे, बोलणारच.

पहिल्या पेडलनं नॉब शून्यावर असतानासुद्धा मोहोळ उठवलं होतं. दुसरं इतकं सभ्य की लावलं काय, न लावलं काय. मला फझ, म्हणजे आवाजातली खरखर, पाहिजे, पण थोडी. तार हळू छेडली की स्वच्छ, जोरात मारली की कडेला जराशी विस्कटलेली. एवढंच मागणं आहे. नेटवर सगळेच कमी खरखरीसाठी 'लो गेन, लो गेन' करतात आणि प्रत्येकाचं लो वेगळं.

तिसरं लावून बघितलं. मोहोळ नाही, पण भुंगा आहे. वैताग.

१६ फेब्रु., रवि. ढोकी
तालीम. आत्याची भीमगीतांची पार्टी तीच: आत्या गाणार, दशरथमामाची ढोलकी, चार बायका कोरसला, आणि मागं गिटार घेऊन मी, तिचा मास्तर भाचा. यंदा १४ एप्रिलला एक गोष्ट नवीन. शाळेच्या पायरीचं जे गाणं तिनं स्वतः रचलंय, त्यातलं मधलं कडवं तिनं मला दिलंय. ढोलकी थांबणार, कोरस गप्प, फक्त तिचा आवाज आणि माझी गिटार. इतकी वर्षं ढोलकीच्या आड वाजवलं, हे पहिल्यांदाच.

अट नेहमीचीच, शब्द गेला नाही पाहिजे. तपासायची रीतही तिचीच. आत्याच्या शेजारची गयाकाकू समाजमंदिराबाहेर लिंबाखाली बसणार. आत्या आत ओळ गाणार, ती गयाकाकूनं तिथून परत म्हणायची. नाही म्हणता आली तर वाद्य दोषी. माणूस कधीच दोषी नसतो.

तिसरं पेडल दाबलं. गयाकाकू लिंबाखालून ओरडली, "निस्ती गिटार येतीया, बाई येतच न्हाय!"

आत्या म्हणाली, "ऐकलं का साहेब? जयंतीपतूर जमवा. न्हायतर लातूरचा कीबोर्डवाला कवाबी यायला तयार हाय."

मला साहेब म्हणाली की समजायचं, बाई तापली. कीबोर्डवाला! त्याच्या पेटीत सनई, बासरी, पाऊस, सगळं भरलेलं असतं. परत येताना येडशीपर्यंत डोकं फणफणत होतं.

१८ फेब्रु.
सुषमा म्हणते, साधी गिटार वाजवा की, काय बिघडतं?

बिघडतं. गेल्या दोन वर्षांत आत्याचा आवाज वरच्या सुरात चिरायला लागलाय. कापड फाटताना होतं तसं, बारीक. मला तो पहिल्या गोड आवाजापेक्षा जास्त आवडतो. त्याच्याशेजारी स्वच्छ गिटार म्हणजे प्लास्टिकच्या ताटात चुलीवरची भाकरी. गिटारला पण तेवढीच चीर पाहिजे. हे सुषमाला सांगितलं नाही. आत्याला तर काय सांगणार!

२ मार्च, रवि.
पुण्यात एकजण हातानं पेडल बनवतो. फोनवर तासभर बोलला. म्हणे जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर घालतो, गिटारचा आवाज कमी केला की फझ आपोआप मऊ होतो. मी म्हणालो, पाठवा. चौथं. सुषमाला अजून पत्ता नाही.

१३ मार्च
आलं!! सकाळी शाळेआधी गच्चीवर लावलं. हेच. अगदी हेच. हळू वाजवलं तर गुपचूप, दाबून वाजवलं तर चिरतं. शेजारचे काका ब्रश तोंडात धरून बघत होते. शाळेत दिवसभर दहावीच्या पेपरवर सुपरविजन, मनात कडवं.

१६ मार्च, रवि. ढोकी
सत्यानाश. समाजमंदिराच्या पत्र्याखाली दुपारी पेडल मेलं. आधी फर्रर्र, मग एकेक सूर अर्ध्यात तुटायला लागला, मग नुसती उचकी. केबल बदलली. बॅटरी बदलली. साऊंडच्या मिक्सरवाल्याशी भांडलो, उगीचच.

गयाकाकूला ओळी नीट ऐकू आल्या, कारण गिटारच नव्हती. आत्या म्हणाली, "आज चांगलं वाजिवलंस." सगळे हसले. मी पण हसलो, काय करतो.

१८ मार्च
पुण्याला फोन. तो शांतपणे म्हणाला, "सर, जर्मेनियम आहे. उन्हात लहरी होतं. थंड जागी वाजवा." मार्च-एप्रिलमध्ये, ढोकीत, थंड जागी! अरे बाबा, इथं माठातलं पाणी कोमट निघतं.

२३ मार्च, रवि. ढोकी
अक्कल चालवली. पानवाला विड्याची पानं ओल्या पोत्यात ठेवतो ना, तसं पेडल स्टीलच्या डब्यात घालून, डबा ओल्या पोत्यात गुंडाळून नेलं. कळंबपासून मांडीवर धरून बसलो होतो एसटीत. शेजारच्या आजींनी विचारलं, "मासळी हाय का?"

पहिली पाच मिनिटं सोन्यासारखा आवाज. मग डब्याला आतून सुटलेलं पाणी स्विचमध्ये उतरलं आणि काम तमाम. दशरथमामा वाकून बघत म्हणाले, "पानं ठिवली असती तर ताजी निघाली असती." त्यांना फेकून मारणार होतो ते पेडल. मोठे आहेत म्हणून गप्प बसलो.

आत्या सरळ माइक गुंडाळायला लागली. हे जास्त वाईट.

२७ मार्च
पेडल वाळलं पण बरळतंय. पुण्याला परत पाठवलं. तो म्हणाला, सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घालतो, गेन उतरवून देतो, उन्हाला दाद देणार नाही. आधीच का नाही घातला, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर अजून तासभर बोलला असता.

५ एप्रिल
आलं. ऐन दुपारी गच्चीवर, मुद्दाम उन्हात ठेवून वाजवलं. तळपाय भाजले, पण आवाज हलला नाही. त्या सकाळच्याइतका गोड नाही. सोळा आणे नाही, चौदा आणे. मला चौदा पुरे.

६ एप्रिल, रवि. ढोकी
गयाकाकूनं लिंबाखालून कडव्याची एकूण एक ओळ परत म्हटली. दशरथमामांनी ढोलकीवर नुसतं बोट वाजवून शाबासकी दिली. मी आत्याकडं बघितलं.

ती माइक खाली ठेवून म्हणाली, "माझा आवाज फाटलाय, म्हणून तूबी फाटका लावलास व्हय?"



"तसं न्हाय, आत्या."

"मंग कसं हाय?"

महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी मरतोय तेच सांगता आलं नाही! ती पदर सावरत घरी गेली. मिक्सरवाल्याला ती सारखी इको वाढवायला सांगते, मला वाटायचं हौस आहे. बाई चीर झाकत होती, आणि मी तीच चीर माइकवर मांडून ठेवली.

८ एप्रिल
शाळेत पोरांवर उगीच ओरडलो. सुषमाला शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं तोंडानं सांगायचं सोडून तुम्ही डबे मागवत बसला?" खरंय. राग आला तिचा. खरंय म्हणूनच आला.

१३ एप्रिल, रवि. ढोकी
सकाळीच गेलो. समाजमंदिरापुढं मांडव घालणं चाललं होतं, निळ्या पताका अर्ध्या लागल्या होत्या. आत्या ओसरीवर सुपात लसूण सोलत होती. बसलो आणि बोलूनच टाकलं.

"आत्या, तुमचा आवाज मला असाच आवडतो. पहिल्यापेक्षा जास्त."

"तुला आवडून मी काय करू? मला न्हाय आवडत."

"मग तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा."

"मला वीस वर्सामागचा गळा पाहिजे. हाय का तुझ्या पुण्याच्या माणसाकडं?"

तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "वाजीव बरं ते." छोटा अ‍ॅम्प बरोबर होता. कडवं सुरुवातीपासून वाजवलं, पेडल लावून. ती गायली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "व्हय. असाच झालाय."

मग सूप परत मांडीवर घेतलं. "कीबोर्डवाल्याला न्हाय बोलिवलं. उद्या कडवं तुझंच. डबा दाबायचा का न्हाय ते तुझं तू बघ. मी लोकांकडं तोंड करून गाणार, मागं वळून बघणार न्हाय."

संध्याकाळी कळंबला आलो. नवी बॅटरी घातली. सुषमा विचारतेय, ठरलं का? नाही ठरलं. दाबलं तर तिला लागेल. नाही दाबलं तर तिला वाटेल की सकाळी मी तिची समजूत काढायला खोटं बोललो.